चिखलात मुरलेला ड्रायव्हर वाळूत का रुततो

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) पोटापर्यंत रुतली की आजूबाजूचे सल्ले ठरलेले असतात. 'फोर-लो टाक' (म्हणजे चारही चाकांना जास्त जोर, पण कमी वेग देणारा गिअर), 'दाब ॲक्सिलरेटर', 'मड टायर घ्यायला हवे होते.' तिन्ही सल्ले चिखलातून आलेले आहेत आणि चिखलात ते बऱ्याचदा लागूही पडतात, म्हणून तर कुणी ते सोडत नाही. 'शेवटी दोन्ही मऊ जमीनच' हे ऐकून ऐकून आता कान किटलेत.

चिखल तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. वरचा थर निसरडा असतो, पण खाली बहुधा घट्ट जमीन असते. टायर तो थर कापत खाली टेकला की पकड मिळते. खाचांत माती भरून टायर गुळगुळीत झाला तर रेस वाढवून चाक गरागरा फिरवायचं आणि माती झटकायची. तिथे सगळा खेळ पकडीचा.

वाळूत गाडी अडते ती वेगळ्याच कारणाने, आणि घोळ होतो तो नेमका इथे. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. वरून वजन आलं, कण एकमेकांवर दाबले गेले की फक्त घर्षणाच्या जोरावर ते तग धरतात. ओल्या चिकणमातीचं उलट आहे. तिची ताकद कण चिकटून राहण्यात असते, वजन वाढवून ती फारशी वाढत नाही. म्हणजे वाळू गाडीचं वजन पेलायला तयार असते. अट एवढीच की ते वजन पसरून यावं आणि कण विस्कटू नयेत.

रस्त्यावरच्या हवेने टणक झालेला टायर या दोन्ही अटी मोडतो. सगळा भार छोट्याशा जागेवर येतो, बाजूची वाळू सरकते, टायर खाली जातो. खाली गेलेल्या टायरसमोर वाळूचा वरंबा उभा राहतो. चाक पुढे सरकलं की वरंबाही पुढे सरकतो. डोळ्यांना पुळण सपाट दिसते, पण गाडी सतत चढावर असते आणि तो चढ कधी संपत नाही. इंजिनाची ताकद सगळी त्यातच जाते. गाडी मंदावतेय म्हणून ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, चाक जागच्या जागी फिरायला लागतं, आणि आता प्रत्येक फेरा वाळू उपसून मागे फेकतो. चिखलात असं खणताना कधी ना कधी तळ लागतो. पुळणीत टायरच्या आवाक्यात तळ नसतोच, त्यामुळे बघता बघता ॲक्सल (चाकांना जोडणारा दांडा) टेकतो. मड टायरच्या खोल खाचा तर हे उपसण्याचं काम सगळ्यात झटपट करतात. पुळणीसाठी मला साधा ऑल-टेरेन टायर (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा, कमी खोल खाचांचा), थोडा झिजलेला असला तरी, कधीही चालेल.

उपाय एकच आणि फुकटचा: हवा सोडा. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) असेल तर वाळूत शिरण्यापूर्वी १८-२० वर आणा. टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाच्या मागे मागे जातो. अनेकांना वाटतं की हवा सोडल्याने टायर रुंद होतो. रुंदी किंचितच वाढते, वाढते ती ठशाची, म्हणजे जमिनीला टेकलेल्या भागाची, लांबी. लांब ठसा वजन पसरवतो, टायर कमी बुडतो आणि समोरचा वरंबा जवळपास नाहीसा होतो. यात नवीन काही नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि वाळवंटाचे अभ्यासक राल्फ बॅगनॉल्ड १९२०-३० च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या लिबियन वाळवंटात घेऊन फिरत होते, ते टायरमधली हवा कमी करून आणि रुतल्यावर चाकाखाली लोखंडी पन्हाळी घालून. अमेरिकेत केप हॅटरासच्या किनाऱ्यावर आजही २० पीएसआयची शिफारस आहे, आणि कमी दाब मोजणारं गेज गाडीत असणं सक्तीचं आहे.

हवा पुरेशी सोडली की नाही, हे वीस-तीस मीटर जाऊन खाली उतरून पाहा. चाकोरी खोल असेल आणि तिच्या दोन्ही कडांना वाळू उचलली गेली असेल तर अजून दोन पीएसआय सोडा. टायरची नक्षी वाळूत स्वच्छ, उथळ उमटलेली दिसली की झालं. 'परत हवा कोण भरत बसणार' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या गाडीमागून मात्र पुळणीवर उतरत नाही. कॉम्प्रेसर जवळ नसेल तर उतरूच नये. कमी हवेवर वळणं मोठी घ्यायची, कारण झटक्यात स्टिअरिंग वळवलं तर टायर रिमवरून निसटू शकतो. वेगही आवरायचा, नाहीतर टायर तापतो.

बाकीचे फरक यातूनच निघतात. फोर-हाय (चारही चाकांना जोर, पण नेहमीचा वेग) की फोर-लो हा वाद मला फिजूल वाटतो. चाक न घसरता गती टिकते तो गिअर बरोबर. डिफ-लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर उत्तम, पण पोटावर टेकलेली गाडी तो उचलत नाही. थांबताना ब्रेक दाबू नका, त्यानेही चाकांपुढे वाळू साचते. पाय काढा आणि गाडीला आपोआप थांबू द्या, शक्यतो उतारावर, तोंड खालच्या बाजूला करून. गाडी रुतू लागलीय असं वाटताच ॲक्सिलरेटर सोडा आणि दाबल्या गेलेल्या आपल्याच चाकोरीतून मागे या.

पाण्याबद्दलही चिखलाचा अनुभव फसवतो. चिखलात पाणी वाढलं की जमीन मऊ. वाळूत थोडी ओल कणांना धरून ठेवते, म्हणून ओहोटीने नुकताच मोकळा केलेला ओलसर पट्टा सगळ्यात घट्ट असतो. पण अगदी लाटेच्या कडेला वाळू पाण्याने पूर्ण भरलेली असते. तिथे गाडी उभी केली की येणारी प्रत्येक लाट चाकाखालची वाळू काढून नेते. ऑस्ट्रेलियातल्या क'गारी बेटाचा पूर्व किनारा अधिकृत रस्ता आहे, वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. तिथेही भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास टाळायला सांगतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर तो घट्ट पट्टा दिसेनासा होतो. मग लोक वरच्या कोरड्या वाळूत शिरतात, जिथे कासवांची घरटी असतात. ते तर मुळीच करू नका. चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. आणि जिथे किनाऱ्यावर गाडीला परवानगीच नाही, तिथे हा सगळा लेख विसरा.

आता रुतलेली गाडी काढणं. चिखल चाकाला ओढून धरतो, म्हणून तिथे ओढ द्यावी लागते. वाळू तसं धरत नाही, फक्त आडवी येते. त्यामुळे दोर काढण्याआधी फावडं काढा. पोटाखालची आणि चाकांपुढची वाळू उपसा, हवा १५ पर्यंत उतरवा, चाकांपुढे ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खडबडीत फळ्या) सरकवा. बहुतेक गाड्या एवढ्यावर आपल्याआपण निघतात. तरीही ओढायचीच वेळ आली तर दोर चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे ओढण्यासाठीच्या मजबूत कडीला, लावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला झटक्याची ओढ देऊ नका. तो तुटला की काच फोडून आत येतो, आणि अशाने माणसं गेलेली आहेत.