‘राज्य’ या एका शब्दाचा गुंता : महाविद्यालयीन राज्यशास्त्राची पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, तरी राज्यशास्त्राला स्वतंत्र विषयाचा मान मिळायला जवळजवळ शतक जावे लागले. तोपर्यंत हा विषय इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या आश्रयाने, अर्थातच इंग्रजीतून, शिकवला जात होता. पदवीच्या वर्गात तो मराठीतून मोठ्या प्रमाणावर शिकवला जाऊ लागला, तो महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर. तालुक्याच्या गावी कला महाविद्यालये निघाली, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी मुले-मुली वर्गात आली आणि १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय भाषांतील विद्यापीठीय ग्रंथांसाठी सरकारी निधीही मिळू लागला. पुस्तके लिहायची तर परिभाषा हवी होती, आणि ती ठरवताना जो गुंता झाला तो अजून सुटलेला नाही.

गुंता मुख्यतः ‘राज्य’ या शब्दाचा आहे. मराठी माणूस पेशव्यांचे राज्य म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अंमल असतो, आणि महाराष्ट्र राज्य म्हणतो तेव्हा संघराज्याचा एक घटक. राज्यशास्त्राला मात्र तिसराच अर्थ अभिप्रेत असतो : भूप्रदेश, लोकसंख्या, शासन आणि सार्वभौमत्व यांनी मिळून बनलेली संस्था. संविधानाच्या मराठी पाठातही हा एकच शब्द दोन कामे करतो. पहिल्या अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ असल्याचे म्हटले आहे. तेथे राज्य म्हणजे घटकराज्य. बाराव्या अनुच्छेदात मात्र केंद्र सरकार, संसद, घटकराज्यांची सरकारे व विधानमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणे या साऱ्यांचा ‘राज्य’ या संज्ञेत समावेश होतो, म्हणजे गावची ग्रामपंचायतही त्या अर्थाने राज्यच ठरते. चौदाव्या अनुच्छेदात राज्य कोणालाही समानता नाकारणार नाही असे वाचल्यावर ही जबाबदारी केवळ मुंबईतल्या मंत्रालयाची आहे असे एखाद्या विद्यार्थ्याला वाटले, तर दोष त्याचा नाही. त्याच्या हाती दिलेल्या शब्दाचा आहे.

यावर दोन उपाय झाले. काही लेखकांनी ‘शासनसंस्था’ हा शब्द योजला, परंतु महाराष्ट्रात ‘शासन’ म्हणजे सरकार हा अर्थ ‘शासन निर्णय’ काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने पक्का करून ठेवला आहे. सरकारे येतात-जातात, पण ती ज्या संस्थेच्या नावाने कारभार करतात ती टिकून राहते, हा या विषयातला अगदी पायाभूत भेद. दोन्हींना शासनच म्हटले तर तो मांडताच येत नाही. दुसऱ्यांनी ‘राज्यसंस्था’ आणि ‘घटकराज्य’ अशी जोडी स्वीकारली, आणि तीच अधिक निर्दोष आहे. खेद इतकाच की ही जोडी सर्व पाठ्यपुस्तकांत सारखी पाळली गेली नाही. राज्यसंस्थेच्या धोरणाची तत्त्वे सांगणाऱ्या संविधानाच्या चौथ्या भागाच्या नावाचेही असेच झाले. अधिकृत मराठी पाठ ‘निदेशक तत्त्वे’ म्हणतो आणि वर्गात ‘मार्गदर्शक तत्त्वे’ रूढ आहे. ही तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नसली, तरी कायदे करताना ती लागू करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे असे सदतिसावा अनुच्छेद सांगतो. ‘मार्गदर्शक’ या सौम्य शब्दातून त्यातले कर्तव्य निसटून जाते आणि केवळ सल्ला उरतो.

दरम्यान विषय स्वतः राज्यसंस्थेच्या चौकटीबाहेर पडला होता. निवडणुका, जात, सहकारी साखर कारखाने, जिल्हा परिषदा यांचा अभ्यास ‘शासन आणि राजकारण’ अशा जोडनावाच्या अभ्यासपत्रिकांमधून होऊ लागला. इतर मागासवर्गीयांना केंद्रीय नोकऱ्यांत आरक्षण देणारा १९९० चा मंडल निर्णय, आघाडी सरकारे आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या, पंचायती व नगरपालिकांविषयीच्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्या यांमुळे ‘राजकारण’ या अर्ध्या भागाचे वजन वाढतच गेले.

अलीकडच्या काळात अभ्यासक्रमाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रभाव स्पर्धा परीक्षांचा राहिला आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतून २०१२ मध्ये वैकल्पिक विषय वगळण्यात आले आणि राज्यघटना व राजकारण हा सामान्य अध्ययनाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेचा भाग झाला. त्यामुळे राज्यशास्त्र म्हणजे अनुच्छेदांचे क्रमांक आणि घटनादुरुस्त्यांची वर्षे, अशी समजूत बळावली. या विषयाचे याहून मोठे नुकसान क्वचितच दुसऱ्या एखाद्या निर्णयाने केले असेल. २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत आणि वैकल्पिक विषय परत आणण्याचे ठरले, परंतु तयारीला वेळ मिळावा यासाठी पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले आणि २०२३ च्या आरंभी ही अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. त्यांच्या मागणीत तथ्य होते, कारण दहा वर्षे पर्याय निवडण्याची सवय झालेल्यांना एकाएकी सलग उत्तरे लिहायला सांगणे न्याय्य नव्हते.

नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले. आता राज्यशास्त्र कोणी मुख्य विषय म्हणून घेतो, तर कोणी गौण म्हणून. वर्णनात्मक परीक्षेमुळे ‘राज्य’, ‘शासन’ आणि ‘सरकार’ हे तीन शब्द विद्यार्थ्याला पुन्हा स्वतःच्या वाक्यांत, एकमेकांपासून वेगळे ठेवून वापरावे लागणार आहेत.