सायडर-चाखणी, सोलापूर

सायडर-चाखणी : सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याचे, म्हणजे सायडरचे, दोन-चार नमुने शेजारी मांडून त्यांचा वास, आंबटपणा, तुरटपणा आणि फेस यांची तुलना करण्याचा हौशी छंद. परीक्षकाचे काम याहून वेगळे असते. त्याला दोष शोधून गुण द्यायचे असतात. हौशी माणसाला आपल्याला काय आवडले आणि ते कशामुळे, एवढेच कळून घ्यायचे असते. सोलापूर हा काही सफरचंदाचा मुलूख नाही आणि सायडरच्या बाटल्याही इथे मोजक्याच पोचतात. पण या छंदाला लागणारी चवीची भाषा इथल्या शिवारात आणि बाजारात तयार आहे, आणि या नोंदीचा बराचसा भाग तिच्याविषयी आहे.

नावाचा घोटाळा आधी निस्तरावा लागतो. अमेरिकेत नुसते ‘सायडर’ म्हटले की बहुधा न गाळलेला, न आंबवलेला रस मिळतो. मद्य हवे असेल तर ‘हार्ड सायडर’ म्हणावे लागते. ब्रिटनमध्ये सायडर म्हणजे मद्यच. सोलापुरात हा शब्द पोचला तो वजन उतरवणाऱ्या ‘अ‍ॅपल सायडर व्हिनेगर’मुळे, त्यामुळे सायडर कुठे मिळेल असे विचारल्यावर कोणी औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवले तर नवल नाही. नाते अगदीच खोटे नाही. सायडर हवेला उघडी राहिली की अ‍ॅसिटिक जिवाणू तिच्यातील मद्यार्काचे आम्ल करतात, तेच व्हिनेगर. २००५ पासून बाजारात असलेले अ‍ॅपी फिझ हे मात्र निव्वळ बिनमद्याचे पेय. चाखणीच्या वेळी गोडीची खूण म्हणून एक ग्लास त्याचा ठेवला तर उपयोगच होतो.

सफरचंदे चेचून, लगदा पिळून निघालेल्या रसात लिटरमागे साधारण १०० ते १५० ग्रॅम साखर असते. यीस्ट ती खाते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का मद्यार्क तयार होतो, म्हणजे १०० ग्रॅम साखरेतून ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच बहुतेक सायडर ४ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान सापडतात. साखर जवळजवळ पूर्ण संपली असेल तर तिला ‘ड्राय’ म्हणतात (आपल्याकडे या शब्दाने आधी ड्राय डे आठवतो, त्याचा इथे संबंध नाही). सगळी सायडर निव्वळ रसाची असते असेही नाही. ब्रिटनच्या करनियमांनुसार तिच्यात किमान ३५ टक्के रस असला की पुरे. बाकी पाणी आणि साखर चालते. पातळ, गोड आणि गिळताच विसरून जावी अशी सायडर पुष्कळदा याच वाटेने आलेली असते.

सफरचंदांची जात : सायडरचे अर्धे भवितव्य फळातच ठरते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टन येथे १९०३ मध्ये फळे आणि सायडर यांची संशोधनसंस्था सुरू झाली. तिथे सायडरच्या सफरचंदांची जी चार गटांत विभागणी झाली ती आजही वापरतात. कसोट्या दोनच : आम्ल ०.४५ टक्क्यांहून जास्त की कमी, आणि टॅनिन (तोंड आवळणारे तुरट द्रव्य) ०.२ टक्क्यांहून जास्त की कमी. आम्ल जास्त आणि टॅनिन कमी ते आंबट. दोन्ही जास्त ते आंबट-तुरट, उदा. किंग्स्टन ब्लॅक; आम्ल कमी आणि टॅनिन जास्त ते तुरट-गोड, उदा. डॅबिनेट; दोन्ही कमी ते नुसते गोड. तुरट जातींची फळे हातात घेऊन खाण्याजोगी नसतात. एक घास घेतला की तोंड आवळून येते. नेमकी तीच फळे सायडरला अंग देतात.

भारतातले सफरचंद खाण्यासाठी लावलेले आहे. हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकन सत्यानंद स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या कोटगढला डेलिशियस जाती रुजवल्या आणि पुढे त्यांचाच बोलबाला झाला. ही फळे गोड, रसाळ आणि टॅनिनला गरीब. त्यांची सायडर स्वच्छ आणि हलकी होते. पोत हवा असेल तर तो दुसरीकडून आणावा लागतो. पुण्याच्या मूनशाइन मीडरीचे ‘अ‍ॅपल सायडर’ हे पेय मुळात मीड आहे, म्हणजे सफरचंदाच्या रसाबरोबर मध आंबवलेला. त्याला सायडर म्हणून तोलणे अन्यायाचे, पण सायडरशेजारी ठेवल्यास मधाचा वास कुठे सुरू होतो ते छान कळते.

सोलापूरची जीभ : इंग्रजीत तुरट-गोड आणि आंबट-तुरट या दोन्ही गटांच्या नावात ‘बिटर’ म्हणजे कडू हा शब्द आहे. खरे तर टॅनिनचे दोन परिणाम होतात. लहान रेणू कडू लागतात. मोठे रेणू लाळेतील प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतात, त्यामुळे जीभ कोरडी, खरखरीत होते. हा दुसरा परिणाम म्हणजे तुरटपणा. इंग्रजीत त्याला शब्द आहे, पण तो पुस्तकी; जेवताना कोणी उच्चारत नाही. सोलापुरात मात्र तीन भाषांत तो घरगुती आहे : मराठीत तुरट, कन्नडात ओगरु, तेलुगूत वगरू. षड्रसांत तर कषाय म्हणून त्याला स्वतंत्र पाटच मांडलेला. त्यामुळे इथल्या नवख्याला टॅनिन समजावून सांगावे लागत नाही, फक्त दाखवून द्यावे लागते.

दाखवायला सामानही हाताशी आहे. २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र याच शहराच्या हद्दीला केगावात आहे आणि सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. डाळिंबाची साल टॅनिनने गच्च असते. वाळलेल्या सालीचा नखाएवढा तुकडा कपभर कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवला की शुद्ध तुरटपणाचा नमुना तयार होतो, ज्यात गोडी नाही आणि आंबटपणाही जवळजवळ नाही. त्याच पाण्यात दुप्पट-चौपट पाणी घालत गेले की तुरटपणाच्या पायऱ्या मिळतात. सायडरचा घोट यांतल्या कोणत्या पायरीवर बसतो हे मग भांडण न करता ठरवता येते. जूनमध्ये जांभळे आली की तीही चालतात, पण त्यांत गोडी मध्ये येते.

आंबटपणाचा नमुना याहून सुंदर आहे. सफरचंदातील मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल. थंडीत रब्बीच्या रानात हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब धरते, तिच्यातही मॅलिक आम्ल असते, जोडीला ऑक्झॅलिक. पहाटे पिकावर धुतलेले फडके फिरवून ती पिळून घेण्याची आणि पोटदुखीवर देण्याची जुनी रीत आहे. हिरवे घाटे ओरबाडून खाल्ल्यावर ओठांना जी चरचरीत आंबट धार लागते, तीच धार कच्च्या हिरव्या सफरचंदात असते आणि ड्राय सायडरच्या पहिल्या घोटातही. लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, चिंचेचा टार्टारिक, ताकाचा लॅक्टिक. काही सायडरमध्ये यीस्टनंतर जिवाणूंची पाळी येते आणि ते मॅलिकचे लॅक्टिक करतात. आंबेची धार जाऊन ताकाचा मऊपणा येतो. ज्याने दोन्ही चाखले आहे त्याला हा बदल पुस्तकाशिवाय ओळखू येतो. परदेशी चव-तक्त्यांतले ‘गूजबेरी’ किंवा ‘गवताची गंजी’ पाठ करण्यापेक्षा वहीत ‘आंब, मग ताक, शेवटी सालीचे पाणी’ असे लिहिलेले शंभरपट कामाचे, असे या लेखकाचे मत आहे.

शैली : इंग्लंडच्या हेरफर्डशर आणि सॉमरसेट परगण्यांतील पारंपरिक सायडर तुरट, पुष्कळदा बिनफेसाची. नॉर्मंडी आणि ब्रिटनीत रसातील पेक्टिनचा, म्हणजे फळातल्या जेलीसारख्या द्रव्याचा, थर वर चढू देतात, खालचा नितळ रस काढून घेतात आणि तो अगदी सावकाश आंबवतात. पोषक द्रव्ये कमी पडल्याने यीस्ट मध्येच थकते आणि नैसर्गिक गोडी उरते. ‘डू’ म्हणजे गोड प्रकारात मद्यार्क ३ टक्क्यांवर जात नाही. फ्रँकफुर्टकडची सफरचंदाची वाइन आंबट आणि सडसडीत असते. ती निळ्या नक्षीच्या करड्या, भाजलेल्या मातीच्या सुरईतून पैलू पाडलेल्या ग्लासात ओततात. स्पेनच्या आस्तुरियासमध्ये बाटली डोक्यावर धरून कमरेजवळच्या ग्लासाच्या कडेवर बारीक धार सोडतात. दोन घोटांपुरतीच ओततात आणि लगेच पितात, कारण मूळच्या सपाट सायडरमध्ये आपटण्याने आलेला फेस क्षणात विरतो. त्या सायडर-संस्कृतीला युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. घरी ही धार करून बघायची असेल तर मोरीत करावी.

सोलापुरातील मांडणी : पहिला शत्रू ऊन. सायडर साधारण ८ ते १२ अंशांना चाखतात. फ्रीजमधून काढलेली बाटली याहून गार असते, तेव्हा वास दबतो, गोडी लपते आणि तुरटपणा टोचतो. मेमध्ये पारा चाळिशीपार असताना तीच बाटली टेबलावर बघता बघता कोमट होते. मग पहिला ग्लास गार आणि चौथा ऊन अशी तुलना होते, म्हणजे सायडरची नव्हे तर तापमानाची. उपाय असा : सगळे नमुने एकदम ओतायचे, वर बशा झाकायच्या आणि बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी उभ्या करायच्या. इथली हवा कोरडी, त्यामुळे माठाची युक्ती मुंबईत साधणार नाही एवढी इथे साधते. पुण्याहून बाटल्या आणताना त्या गाडीच्या डिकीत भर उन्हात ठेवू नयेत. ज्यांत यीस्ट जिवंत आहे त्यांच्यात दाब वाढून त्या फुटू शकतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला बिनशुल्क दोनच लिटर मद्य आणता येते आणि त्यात तो सायडर आणेल ही आशा व्यर्थ आहे. खरे सांगायचे तर हा छंद थंडीचाच, हुरड्याच्या दिवसांचा.

ग्लास काचेचा, तोंडाशी थोडा निमुळता हवा. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही. एकाला ५०-६० मिलिलिटर पुरते, म्हणजे ३३० मिलिलिटरची एक बाटली पाच जणांत भागते. ड्राय आधी, गोड नंतर. तुरटपणा घोटागणिक साचत जातो, म्हणून मध्ये पाणी आणि बिनमिठाची ज्वारीची कडक भाकरी. परदेशात जे काम कोरड्या पावाचा तुकडा करतो ते ही भाकरी अधिक चोख करते. शेंगाचटणी मात्र चाखणी संपेपर्यंत डब्यात राहू द्यावी. तिखट, लसूण आणि फेस एकत्र आले की कोणतीही सायडर दुसऱ्या कोणत्याही सायडरसारखी लागते. वही मिटल्यावर तीच चटणी अर्धगोड सायडरबरोबर उत्तम जाते.

लेबल दिसले की मत फिरते, म्हणून आंधळी चाखणी. त्यातला सोपा प्रकार त्रिकोणी चाचणीचा : तीन ग्लास, दोघांत एकच सायडर, तिसऱ्यात वेगळी, वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजपंचे बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. पण पाचही जणांनी एकमेकांशी न बोलता अचूक ओळखले, तर तो योगायोग असण्याची शक्यता २४३ मध्ये एक. या चाचणीत भलेभले आपटतात, विशेषतः ‘मला लगेच कळते’ म्हणणारे.

दोष : सडक्या अंड्याचा वास गंधकयुक्त वायूचा, ग्लास हलवत ठेवल्यावर तो पुष्कळदा उडून जातो. व्हिनेगरचा झोंबरा वास जात नाही. सगळ्यांत विचित्र दोष इंग्रजीत ‘माउस’ म्हणून ओळखला जातो. तो नाकाला कळत नाही. घोट गिळल्यावर लाळेने तोंडातले आम्ल उतरते, काही क्षणांनी तो वर येतो आणि रेंगाळतो. उंदीर फिरलेली कणगी ज्याने उघडली आहे त्याला वेगळे वर्णन नको. काही जणांना हा दोष मुळी जाणवतच नाही, त्यामुळे एकाच बाटलीवरून दोन मित्रांत वाद झाला तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

कायदा : महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५, शिवाय परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे विनापरवाना घरी मद्य गाळणे वा आंबवणे गुन्हा आहे, त्यामुळे सफरचंदाची बरणी भरण्याचा मोह टाळावा. ६ टक्क्यांच्या सायडरचे ६० मिलिलिटरचे सात नमुने गिळले तर पोटात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क जातो. वाहनचालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती त्याने ओलांडली जाऊ शकते. व्यावसायिक परीक्षक घोट थुंकतात. त्यासाठी सोलापुरातल्या जुन्या घरात वेगळे भांडे आणावे लागू नये. माळ्यावर आजोबांची पितळी पिकदाणी असते.