कोकणातल्या नगरपरिषद शाळा आणि ‘ढकलपास’: पार्श्वभूमी

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही आता बातमीही राहिलेली नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून २०१२ पासून स्वतंत्र निकाल लागू लागला, तेव्हापासून हेच चाललंय. २०२४ ला तर ९९.०१ टक्के. आकडा खोटा नाही, पण तो नियमित म्हणून परीक्षेला बसलेल्यांचा आहे. ‘तुला नाही झेपायचं, पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बस’ असं नववीतच ऐकलेला पोरगा त्यात येत नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आठवीनंतर मासेमारीच्या जाळ्यावर गेलेलाही येत नाही. रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ल्याच्या नगरपरिषद शाळांमधली कच्ची मुलं शोधायची तर या ९९ च्या बाहेर शोधावी लागतात. गावोगाव फिरून मुलांना वाचायला लावणारं ‘असर’ हे देशभरातलं गाजलेलं सर्वेक्षणही फक्त ग्रामीण भागाचं असतं, म्हणजे तिथेही शहरातलं मूल सुटलं.

जुना इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत महार पेन्शनरांनी मुलांना शाळेत घ्या म्हणून अर्ज केले, तर मुलांना व्हरांड्यात बसवलं गेलं. पटावर नाव आहे आणि शिकणं उंबऱ्याबाहेर, ही तऱ्हा तेव्हापासूनची. १९२९ साली एका समितीने प्राथमिक शिक्षणातल्या ‘गळती आणि स्थगना’वर बोट ठेवलं. स्थगन म्हणजे एकाच वर्गात वर्षानुवर्षं बसणं. कोकणात त्याची लाज फारशी वाटत नसे. चौथीत दोनदा बसलेला मुंबईला गिरणीत चिकटला की मनीऑर्डर सुरू व्हायची. सातवीची ‘फायनल’ काढलेला तर मास्तरच होऊ शके.

खरा गुंता २०१० नंतरचा आहे, आणि तो एका शब्दाभोवती आहे: ढकलपास, म्हणजे येत नसतानाही वरच्या वर्गात ढकललेला.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याचं कलम १६ सांगत होतं की आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही. लोकांनी तेवढंच वाचलं. कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात घेतलेल्या मुलाला खास प्रशिक्षण मिळायला हवं होतं. कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाची कुवत पाहून जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक (शिकता शिकता वर्षभर होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन आलं. म्हणजे परीक्षा बंद झाली नव्हती, उलट वर्षभर पसरली होती. पण चावडीवर, रिक्षात आणि आम्हा शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ‘आता परीक्षाच नाही’ हेच चलनी नाणं झालं.

मग झालं काय? वर्णनात्मक नोंदी लिहायच्या होत्या, त्यांची तयार पुस्तकं बाजारात आली. एप्रिलच्या अखेरीस एका बैठकीत चाळीस मुलांच्या नोंदी उतरवलेल्या मी पाहिल्यात, दोन-तीनदा लिहिल्याही आहेत. ‘गटात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य तीन महिने गैरहजर असलेल्या मुलापुढेही पडलेलं. जादा शिकवायला ना माणूस होता ना तास. तेव्हा ढकललं कुणी, कायद्याने की आम्ही, हा प्रश्न त्या शब्दात कुठे उमटत नाही. माझ्या मते तो शब्द मुलावर अन्याय करणारा आहे.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या आल्या, शाळा पंचवीस निकषांवर ‘प्रगत’ ठरू लागल्या. साहजिकच चाचणीत मागे पडलेली मुलं ‘अप्रगत’ झाली. चाचणीत विहिरीचं चित्र होतं, मालवणकडच्या एका मुलीने खाली ‘बाव’ लिहिलं. घरी बावच म्हणतात. उत्तर चूक धरलं आणि ती त्या महिन्यात अप्रगतांच्या यादीत बसली. उर्दू शाळांमध्येही तेच, घरची बोली एक आणि पुस्तकातली भाषा दुसरी.

मार्च २०२० ला शाळा बंद पडल्या. ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन ते दापोली छपरं नेली. पुढल्या वर्षी १ जुलैपासून मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला. तीन आठवड्यांनी, २२ जुलैला, चिपळूण पाण्याखाली गेलं. एका शाळेच्या ओटीवर हजेरीपट दोरीला लावून वाळवत होते. शाई उतरली होती, रकाने तेवढे शाबूत.

शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने नापास मुलाला पाचवी-आठवीत थांबवायचा अधिकार राज्यांना मिळाला होताच. महाराष्ट्राने तो २०२३ साली वापरला. आता या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही हुकली तर तोच वर्ग. आठवीची परीक्षा तर आमच्या वाट्याला येतच नाही, कारण नगरपरिषदेच्या बहुतेक शाळा सातवीला संपतात. शहरातली जरा बऱ्या घरची मुलं इंग्रजी माध्यमात गेलीत. नगरपरिषदेच्या बाकांवर उरलीत विजापूरकडून आलेल्या मजुरांची, खलाशांची, आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं. बागेतली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि आंबा उतरला की निघतात. फेरपरीक्षा होते तेव्हा ती गावी असतात. दिवाळीनंतर पोरगा परत येऊन दारात उभा राहतो, दाखला नसला तरी त्याला नाकारता येत नाही. वयाने तो सहावीचा असतो. पण पाचवीची परीक्षा पास असल्याशिवाय सहावीत घेऊ नका, हे नव्या नियमांत आहे. मागच्या खेपेला अशा एकाला आम्ही पाचवीच्या पटावर घेतलं आणि सहावीच्या वर्गात बसवलं, कारण त्याचा धाकटा भाऊ पाचवीत होता आणि भावाच्या वर्गात बसायला तो तयार नव्हता.