दंत-सिरॅमिकवरील प्रायमरचा रासायनिक बंध

सिरॅमिकची कॅप, व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूचे पातळ आवरण) किंवा इनले (दाताच्या खड्ड्यात बसवायचा तुकडा) दातावर रेझिन सिमेंटने चिकटवतात. रेझिन सेंद्रिय आणि सिरॅमिक अजैव, त्यामुळे त्यांची आपोआप गट्टी जमत नाही. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला लावलेला जो पातळ द्रव एका टोकाने सिरॅमिकला आणि दुसऱ्या टोकाने रेझिनला धरतो, तो प्रायमर. सिमेंट कितीही भारी वापरले तरी हा थर फसला की कॅप सुटते.

बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय (स्थापना १९८०) असो वा फोंडा-म्हापशातला छोटा दवाखाना, रुग्ण सुटलेली कॅप कागदाच्या पुडीत घेऊन येतो, तेव्हा ती उलटी करून पाहावी. आतली बाजू स्वच्छ आणि सिमेंट सगळे दातावर राहिलेले दिसले, तर बंध सिरॅमिकच्या बाजूने तुटला आहे. सिमेंट कॅपमध्येच असेल, तर दोष दाताच्या बाजूला शोधायचा.

पोर्सेलीन आणि लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकांत सिलिका (काचेचा मुख्य घटक) असते, म्हणून त्यांना सिलेन हे सिलिकॉनयुक्त जोडरसायन लागते. दंतवैद्यकात बहुधा मेथॅक्रिलॉक्सिप्रोपिल ट्रायमेथॉक्सिसिलेन वापरतात. पाण्याशी संयोग होऊन त्याचे तीन मेथॉक्सी गट सुटतात आणि सिलॅनॉल तयार होते. ते सिरॅमिकवरच्या हायड्रॉक्सिल गटांशी जुळून सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन असा सहसंयुज बंध बांधते. रेणूचे दुसरे टोक, मेथॅक्रिलेट, सिमेंट घट्ट होताना त्याच्याच साखळीत गुंफले जाते. जाड थर दिला म्हणजे पकड वाढते हा समज चुकीचा आहे. वरचे सैल थर उलट कमजोर ठरतात, म्हणून पातळ लावून हवेने सुकवावे.

भांड्याला कल्हई करताना आधी नवसागराने तांबे साफ केले नाही तर कथील पसरत नाही. इथेही पृष्ठभाग आधी तयार करावा लागतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेचा भाग विरघळवून सूक्ष्म खड्डे करते, आणि तुकतुकीत सिरॅमिक धुऊन सुकवले की खडूसारखे पांढुरके, निस्तेज दिसते. लिथियम डायसिलिकेटला साधारण ५ टक्के आम्ल २० सेकंद पुरते, फेल्डस्पारच्या पोर्सेलीनला जास्त वेळ लागतो. हे आम्ल त्वचेतून खोल शिरते. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असावे.

झिरकोनिया या झिरकोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची गोष्ट निराळी. त्यात काच नाही, त्यामुळे हे आम्ल त्याला नेहमीसारखे खडबडीत करत नाही आणि नुसते सिलेनही टिकाऊ पकड देत नाही. त्यावर ॲल्युमिनाच्या सुमारे ५० मायक्रॉन कणांचा हलक्या दाबाने मारा करतात आणि मग १०-एमडीपी हा मोनोमर (साखळीत गुंफला जाणारा छोटा रेणू) असलेला प्रायमर लावतात. कुरारे या जपानी कंपनीने विकसित केलेल्या या मोनोमरचा फॉस्फेट गट झिरकोनियमच्या ऑक्साइडशी बंध करतो. कॅप बसते का ते तोंडात पाहताना लाळ लागते, आणि लाळेतले फॉस्फेट हीच जागा आधी बळकावते. ती फॉस्फोरिक आम्लाने धुणे ही सवयीने होणारी चूक: त्या आम्लातही फॉस्फेटच आहे. झिरकोनियासाठीची खास साफ करणारी पेस्ट वापरावी, नाहीतर पुन्हा हलका कणमारा करावा.

बंध झाला तरी पाणी त्याचा पिच्छा सोडत नाही. तोंडातल्या ओलाव्याने सिलेनने बांधलेले सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन बंध हळूहळू तुटतात. शिवाय गरम पेजेमागून थंड सोलकढी आली की सिरॅमिक, सिमेंट आणि दात कमी-जास्त फुगतात व आकसतात. म्हणूनच प्रयोगशाळेत नमुने ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हजारो वेळा आलटून पालटून बुडवून मग ताकद मोजतात. पहिल्या दिवसाचा आकडा एकटा बघू नये.

गोव्याच्या पावसाळ्यात बाटलीचीही काळजी घ्यावी लागते. एकाच बाटलीत मिळणाऱ्या, आधीच जल-अपघटन (पाण्याशी संयोग) झालेल्या सिलेनचे रेणू साठवणीत एकमेकांशीच जुळत जातात. झाकण उघडे राहिले तर त्यातले द्रावक अल्कोहोल उडते आणि दमट हवा आत शिरते. थेंब छोट्या काचवाटीत टाकून उजेडात पाहावा. ताजा असेल तर पाण्यासारखा नितळ दिसतो, आणि गढूळ किंवा दुधाळ दिसला की ती बाटली वापरू नये, मग मुदतीची तारीख पुढची असली तरी.