सीनियर इयरला पाच एपी घ्यायचे का? आधी झोपेचा हिशोब मांडा

भाची न्यू जर्सीत बारावीला होती, तिकडे त्याला सीनियर इयर म्हणतात. तिने पाच एपी घेतलेले, एपी म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स. ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे राहायला गेलेले. रात्रीचे पावणेबारा, डायनिंग टेबलवर कॅल्क्युलसची वही, बाजूला वरणभात गार होऊन त्यावर साय आलेली, आणि पोरगी तीच ओळ तिसऱ्यांदा वाचतेय. म्हटलं झोप आता, तर म्हणे, "अगं मावशी, सवय झालीये मला, काही होत नाही."

नेमकं हेच फसवं असतं बघा. 2003 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात धडधाकट माणसांना सलग 14 दिवस 6 तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं. लक्ष आणि स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये ती रोज थोडी थोडी घसरत गेली, शेवटी शेवटी तर एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसासारखी झाली, पण त्यांना विचारलं तर म्हणायची थोडीशीच झोप येतेय. म्हणजे सवय होते ती थकव्याची जाणीव न होण्याची, थकवा आहे तिथेच राहतो. म्हणून "झेपतंय का गं" एवढं विचारून भागत नाही.

त्यात हे वय. वयात येताना मेंदूत मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली सांगणारं हार्मोन, उशिरा सुटायला लागतं, त्यामुळे पोरांना रात्री लवकर झोपच येत नाही, तो आळस नसतो हो. म्हणूनच 2014 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, आणि कॅलिफोर्नियात तर हायस्कूलसाठी तसा कायदाच 2022 पासून लागू आहे. या वयात झोप हवी 8 ते 10 तास. दिवसभर शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात कच्चं साठतं आणि गाढ झोपेत ते पुन्हा पुन्हा उजळून पक्कं होतं. मग पाचव्या विषयासाठी झोप कापली की आधीच्या चारांचंच नुकसान.

एपीची मे महिन्यात परीक्षा, 1 ते 5 मध्ये स्कोअर. भाचीचे असे पाच विषय होते. आम्ही कागद घेऊन बसलो: शाळा 7 तास, ये-जा 1, पाच विषयांचा घरचा अभ्यास 5, रोबोटिक्स 2, झोप 9. झाले 24, आणि जेवण-अंघोळ अजून मांडलीच नव्हती. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली.

माझं मत स्पष्ट आहे, पुढे जे शिकायचं त्याचा पाया असलेला विषय सोडू नये. तिला इंजिनिअरिंग करायचंय, तर कॅल्क्युलस आणि फिजिक्स सी (फिजिक्सचा एक एपी) ठेवायचेच, शिवाय फिजिक्स सीमध्ये कॅल्क्युलस लागतंच, दोन्ही एकमेकांना धरून चालतात. पण फक्त कॉलेजच्या फॉर्मवर आकडा मोठा दिसावा म्हणून घेतलेला विषय खुशाल सोडावा. सोडताना गुपचूप मात्र नाही, कॉलेजं सीनियर इयरचे विषय बघतात, वर्षाच्या मधले मार्कही मागवतात, आणि अ‍ॅडमिशन मिळाल्यावर न कळवता विषय बदलला तर ती रद्दसुद्धा होऊ शकते.

भाचीने एन्व्हायर्न्मेंटल सायन्सचा एपी सोडून साधा वर्ग घेतला. आधी शाळेतल्या काउन्सेलरशी बोलली, आणि अर्ली अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे कॉलेजचा लवकरचा अर्ज, 1 नोव्हेंबरच्या आत जायचं होतं, त्यात नवीनच विषय भरून पाठवले.