१०एक्स प्रोब असा का आहे: स्कोपच्या प्रोबमागची पार्श्वभूमी

इंदूरला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर लहरीच्या रूपात दाखवणारा स्कोप, परका नाही. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत सायंटिफिक मेस-टेक्निक, परदेशीपुऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये सायंटेक, या दोन्ही मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या. इथली उपकरणं देशभरातल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत जाऊन बसली आहेत. तरीही स्कोप घ्यायची वेळ आली की इथेसुद्धा सगळी विचारपूस मेगाहर्ट्झची, चॅनेलची आणि किमतीची. प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायचं टोक आणि तिथून स्कोपपर्यंतची केबल, हा खोक्यात सोबत येतो तो. मला हे खटकतं, कारण सर्किटवर पहिला भार पडतो तो प्रोबचाच, आणि स्कोपला दिसतं ते प्रोबने पोचवलेलं तेवढंच. प्रोबच्या पाकिटावरचे आकडे कुठून आले हे कळलं की निवड बरीच सोपी होते. त्यातले बहुतेक १९४० आणि ५० च्या दशकांतल्या अडचणींतून आलेले आहेत.

कार्ल फर्डिनांड ब्राउनने कॅथोड रे ट्यूब केली ती १८९७ मध्ये. स्कोप कामाचं यंत्र झालं ते मात्र बरंच नंतर. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं आणि मायक्रोसेकंदांचे पल्स डोळ्यांनी पाहायची निकड वाढली. १९४६ मध्ये हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी अमेरिकेत पोर्टलंडला टेक्ट्रॉनिक्स सुरू केली. पुढच्या वर्षी आलेल्या त्यांच्या ५११ या मॉडेलमध्ये ट्रिगरवर चालणारा स्वीप होता, म्हणजे सिग्नल ठरावीक पातळीला आला की रेघ सुरू होई, आणि बँडविड्थ, म्हणजे नीट दिसू शकणाऱ्या वारंवारितेची वरची मर्यादा, १० मेगाहर्ट्झ होती. तेव्हा स्कोपच्या तोंडाशी व्हॅक्यूम ट्यूब असे. ट्यूबची ग्रिड जवळजवळ करंट ओढत नाही, त्यामुळे इनपुटला १ मेगाओमइतका मोठा रेझिस्टर चालून जाई. पुढे ट्यूब गेल्या, एफईटी जातीचे ट्रान्झिस्टर आले, डिजिटल स्कोप आले, पण १ मेगाओम तसाच राहिला. आजही प्रोब जोडायच्या बीएनसी सॉकेटच्या शेजारी तो छापलेला असतो आणि त्याच्यासोबत इनपुटच्या कपॅसिटन्सचा, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याच्या क्षमतेचा, पिकोफॅरॅडमधला एक छोटा आकडा असतो, बहुधा १५ ते ३० च्या दरम्यान.

खरी मेख त्या छोट्या आकड्यात आहे. सर्किटपासून स्कोपपर्यंत यायला शील्ड असलेली केबल लागते आणि साध्या कोअ‍ॅक्स केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरॅड असतो. म्हणजे सरळ वायरसारखा १एक्स प्रोब लावला की केबल आणि स्कोप मिळून १२० पिकोफॅरॅडच्या आसपासचं ओझं सर्किटवर पडतं. वारंवारिता वाढते तसा कपॅसिटन्सचा रोध कमी होतो: १ मेगाहर्ट्झला नुसते १०० पिकोफॅरॅड म्हणजे अवघे १६०० ओम! तिथे १ मेगाओम हा आकडा डीसीपुरता उरतो. क्रिस्टल ऑसिलेटरला १एक्सने हात लावला आणि तो बंदच पडला, असं होतं ते यामुळे.

यावर उपाय निघाला तो टोकाशीच ९ मेगाओमचा रेझिस्टर बसवण्याचा. स्कोपचा १ मेगाओम मिळून सिग्नलचा दहावा हिस्सा आत जातो, म्हणून १०एक्स. पण नुसत्या रेझिस्टरने भागत नाही. त्या १२० पिकोफॅरॅडशी जोडी जमून दीड किलोहर्ट्झच्या आसपासच सिग्नल खाली यायला लागतो. म्हणून ९ मेगाओमला समांतर एक छोटा कपॅसिटर घालतात, तो केबल आणि स्कोपच्या मिळून होणाऱ्या कपॅसिटन्सच्या नवव्या भागाइतका. मग डीसीपासून वरपर्यंत सगळ्याचं सारख्याच प्रमाणात विभाजन होतं. दोन्ही कपॅसिटर एकामागोमाग आल्यामुळे सर्किटला दिसणारा कपॅसिटन्सही दहावा होतो, साधारण १२ पिकोफॅरॅड. सिग्नल दहापट लहान करून घ्यायचा आणि त्या बदल्यात सर्किटवरचा भार दहापट हलका करायचा, असा हा सौदा. मला तरी हा इलेक्ट्रॉनिक्समधल्या सर्वांत सुंदर सौद्यांपैकी एक वाटतो.

प्रत्येक स्कोपचा पिकोफॅरॅडचा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून ही कपॅसिटरची भरपाई जुळवायला प्रोबवर तो बारीक स्क्रू असतो. स्कोपच्या पुढच्या बाजूला १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीची पट्टी असते. तिथे टोक लावून प्लॅस्टिकच्या पेचकसाने स्क्रू फिरवायचा. लहरीचे कोपरे गोल दिसले तर भरपाई कमी, टोकं वर उसळली तर जास्त. प्रोब घेताना पाकिटावर भरपाईची जी कक्षा दिलेली असते, तिच्यात आपल्या स्कोपचा आकडा बसतो की नाही हे पाहावंच लागतं. बसत नसेल तर कितीही महागाचा प्रोब त्या स्कोपवर नीट जुळणार नाही.

दुसरी अडचण बँडविड्थ वाढली तशी जाणवायला लागली. केबलच्या दोन्ही टोकांना तिच्याशी जुळणारा रोध नाही, त्यामुळे झटकन चढणारा पल्स केबलमध्ये पुढेमागे आपटत राहतो आणि पडद्यावर लाटा उठतात. टेक्ट्रॉनिक्समधल्या जॉन कोबी आणि विल्यम पॉलिट्स यांनी केबलची मधली तार मुद्दाम रोध असलेली घेतली. आपटणारी लहर त्या तारेतच विरून जाते. या युक्तीचं पेटंट १९५९ मध्ये मिळालं आणि आजच्या साध्या १०एक्स प्रोबमध्येही तीच युक्ती आहे. पडताळून पाहणं सोपं आहे. प्रोब १एक्सवर ठेवून टोकापासून बीएनसीच्या मधल्या पिनपर्यंत मल्टिमीटर लावा. शून्याजवळचा आकडा येत नाही, बहुधा काहीशे ओम येतात. म्हणूनच तुटलेल्या प्रोबला इंदूरच्या बाजारातून, महाराणी रोडवरून आणलेली साधी कोअ‍ॅक्स केबल जोडून काम भागत नाही. मल्टिमीटर जोडणी ठीक दाखवेल, १ किलोहर्ट्झची लहरही ठीक दिसेल, पण चढत्या कडेवर जी थरथर दिसेल ती सर्किटची नसून त्या केबलची असेल.

पुढच्या फांद्या थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये आलेल्या टेक्ट्रॉनिक्सच्या ७००० मालिकेत आकडे पडद्यावर उमटू लागले आणि प्रोबच्या कनेक्टरवरची जादा पिन स्कोपला ‘मी १०एक्स आहे’ हे आपोआप सांगू लागली. फार वेगवान, कमी रोधाच्या सर्किटांसाठी ५० ओमच्या इनपुटवर ४५० ओमचा रेझिस्टर लावणारे प्रोब आले. त्यांचा कपॅसिटन्स १ पिकोफॅरॅडच्या आसपास, पण डीसीवरही भार ५०० ओमचा. जास्त व्होल्टेजसाठी १००एक्स आणि १०००एक्स आले. इंदूरच्या कॅटमध्ये, म्हणजे आजच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, लेसर आणि इंडस सिंक्रोट्रॉनच्या यंत्रणांना किलोव्होल्टचे पल्स लागतात. अशा जागी साध्या १०एक्सचं काम नाही. दरम्यान साधा पॅसिव्ह, म्हणजे आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेला, प्रोबही थांबला नाही: टेक्ट्रॉनिक्सच्या टीपीपी१००० मध्ये १ गिगाहर्ट्झची बँडविड्थ आणि टोकाशी केवळ ३.९ पिकोफॅरॅड मिळतात.

इंदूरच्या एसजीएसआयटीएससारख्या इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी असो की जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यातला देखभाल इंजिनिअर, कामाला येतो तो १०एक्सच. १एक्सची बँडविड्थ ६ ते १० मेगाहर्ट्झवर संपते, त्यामुळे पॉवर सप्लायच्या डीसीवरची काही मिलिव्होल्टची चढउतार (रिपल) पाहण्यापुरता तो ठेवावा. दोन प्रोबमधून निवडताना १० मेगाओमच्या आकड्याकडे पाहण्यात अर्थ नाही, तो दोघांचाही तोच असतो. टोकाचे पिकोफॅरॅड पाहावेत. १०० मेगाहर्ट्झला १० पिकोफॅरॅड म्हणजे फक्त १६० ओम.

ग्राउंडची क्लिप हा प्रोबचाच भाग आहे, हे फार थोडे लोक मनावर घेतात. १५ सेंटिमीटरच्या वायरचा इंडक्टन्स सुमारे १५० नॅनोहेन्री धरा. १० पिकोफॅरॅडशी त्याची जोडी १३० मेगाहर्ट्झच्या आसपास घुमते. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर वेगवान कडेनंतर दिसणारी ती शेपटी पुष्कळदा या वायरीची असते. म्हणून पाकिटात ग्राउंडची छोटी स्प्रिंग आहे का, हे मी आधी पाहतो. प्रोबच्या टोकावरचा हुकचा टोप काढायचा, स्प्रिंग टोकामागच्या ग्राउंडच्या धातूच्या कड्यावर चढवायची आणि मोजायच्या पॉइंटच्या शेजारीच ग्राउंड धरायचा.

व्होल्टेजच्या आकड्याबाबत काटेकोर राहावं. ३०० किंवा ६०० व्होल्ट ही मर्यादा कमी वारंवारितेची. वारंवारिता वाढेल तशी ती झपाट्याने उतरते, तिचा आलेख माहितीपत्रकात असतो. पीथमपूरच्या कारखान्यांतल्या मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्ये ४१५ व्होल्टचा थ्री-फेज रेक्टिफाय होऊन डीसी बसवर सुमारे ५८५ व्होल्ट असतात, आणि तिथे पॅसिव्ह प्रोबची ग्राउंड क्लिप लावायचीच नाही. ती क्लिप स्कोपच्या बॉडीमार्फत थेट अर्थिंगला जोडलेली असते, लावताक्षणी शॉर्ट होतो. त्यावर तोडगा म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे आहेत. तसं केलं की स्कोपची सगळी धातूची बॉडी त्या बसच्या व्होल्टेजला जाते आणि तिला हात लावणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. या कामाला दोन पॉइंटमधला फरक अर्थिंगला न जोडता मोजणारा डिफरेन्शियल प्रोबच घ्यावा.