यादीची पानं: तयार घ्यायची की लिहून घ्यायची?

आम्ही वेबसाइट बनवतो, आणि आमच्या कोटेशनमध्ये ‘पेजिनेशन’ अशी एक ओळ असते. सांगलीतल्या बहुतेक ग्राहकांचा तिच्यावर एकच प्रश्न असतो: हे फुकट मिळतं ना, मग पैसे कसले?

बऱ्याचदा खरंच फुकट मिळतं. लांब यादी पानापानांनी दाखवायची, खाली १, २, ३ आणि ‘पुढे’ची बटणं द्यायची, ही सोय लारावेल, जँगो यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांमध्ये) आधीच असते. दुकानाचा कॅटलॉग किंवा शाळेच्या सूचना यांसाठी आम्ही तीच वापरतो आणि तिचे वेगळे पैसे लावत नाही. शोधलेला शब्द दुसऱ्या पानावर टिकणं, यादी रिकामी असणं, कुणी पत्त्यात भलताच पान क्रमांक टाकणं, असल्या बारीकसारीक अडचणी तिथे बहुतांशी आधीच सोडवलेल्या असतात. हौस म्हणून ते पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही.

बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेताना मात्र आम्ही जरा चाचपून घेतो. डेटाटेबल्स हे याद्या दाखवायचं चांगलं साधन आहे, पण साध्या पद्धतीने लावलं तर सगळी यादी आधी ब्राउझरमध्ये उतरते आणि मग तिची पानं पडतात. पतसंस्थेची ५०,००० व्हाउचर असतील तर मोबाइलवर बघणारा कंटाळून निघून जाईल. अशा वेळी सर्व्हरकडून एकेक पान मागवण्याची त्यातलीच दुसरी पद्धत लावावी लागते. शिवाय परावलंबन आहेच. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून (तयार जावास्क्रिप्ट कोडच्या सार्वजनिक भांडारातून) काढलं गेलं आणि जगभरातले कितीतरी प्रोजेक्ट अडकले.

आता खर्चाची बाजू. बेदाण्याचा सौदा चालू आहे, नवे लॉट यादीत वर चढताहेत. व्यापारी पहिलं पान वाचून दुसऱ्यावर जातो, तर मघाचेच लॉट पुन्हा समोर! कारण नेहमीची पद्धत ‘वरचे २० सोडून पुढचे २०’ असं मोजते, आणि मधल्या वेळात वरचे २० बदललेले असतात. तीच पद्धत जुन्या नोंदींकडे जाताना मंदावते. पानावर २० नोंदी धरल्या तर ५०० व्या पानासाठी डेटाबेस आधीच्या ९,९८० नोंदी ओलांडतो आणि टाकून देतो. इथे आम्ही ‘या लॉट क्रमांकानंतरचे २०’ अशी मागणी लिहितो. लारावेलमध्ये त्याचीही तयार सोय आहे, पण क्रम, फिल्टर आणि इंडेक्स (डेटाबेसला नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) तुमच्या यादीप्रमाणे बसवावे लागतात. पैसे त्या कामाचे. यात थेट ३७ व्या पानावर उडी मारता येत नाही, फक्त मागे-पुढे. सौद्याच्या यादीत तशी उडी सहसा कुणी मारत नाही.

कोटेशन मागताना एवढं कळवा: आज नोंदी किती, वर्षाला किती वाढतात, वाचता वाचता यादी बदलते का, आणि ठरावीक पान उघडण्याची गरज पडते का. आम्ही लिहिलेला भाग कोड आणि टिपणासकट तुमच्या ताब्यात देतो, म्हणजे उद्या काम दुसऱ्या कुणाकडे दिलंत तरी अडणार नाही.